इंग्रजीची भीती आणि अक्षरांचा खेळ

आपल्या वस्तीत कुणाच्याही घरी गेलं, की आईवडिलांची एक तक्रार हमखास ऐकू येते. "भाऊ, पोरगं गणितात बरं आहे, पण इंग्रजीत मार खातं. काय करावं?" मी बी.कॉम. झालेला, कचेरीत कारकुनी करणारा माणूस. इंग्रजी पत्रं रोज हाताखालून जातात, म्हणून लोकांना वाटतं, याला काही उपाय ठाऊक असेल. मोठा उपाय माझ्याजवळ नाही. पण दर रविवारी विहाराच्या हॉलमध्ये मुलांचा अभ्यासवर्ग घेतो, तिथे शेवटचा तासभर आम्ही एक खेळ खेळतो. त्याविषयी चार शब्द सांगावेत असं बरेच दिवस मनात आहे.

खेळाचं नाव स्क्रॅबल. पटावर आडवी 15 आणि उभी 15 घरं. एकेक इंग्रजी अक्षर लिहिलेल्या 98 सोंगट्या आणि 2 कोऱ्या, अशा एकूण 100. प्रत्येकाने न बघता सात सोंगट्या उचलायच्या आणि शब्दकोड्यासारखा आडवा-उभा शब्द जुळवायचा. प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण असतात. ई, ए, टी यांसारख्या नेहमीच्या अक्षरांना 1 गुण, तर क्यू आणि झेडला 10.

हे गुण कुणी ठरवले? अल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकेतला एक वास्तुविशारद. 1930 नंतरच्या मंदीत त्याचं काम गेलं. बेकारीच्या त्या दिवसांत तो वर्तमानपत्रं पुढ्यात घेऊन बसला आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं, हे हाताने मोजत गेला. जे वारंवार येतं ते स्वस्त, जे क्वचित येतं ते महाग. पुढे 1948 मध्ये जेम्स ब्रुनो याने या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं.

मला हा हिशेब लगेच पटला, कारण मी टायपिंग शिकलेलो आहे. डाव्या हाताच्या करंगळीखालचा क्यू कधीतरीच दाबावा लागतो, ई मात्र जवळजवळ प्रत्येक शब्दात. ज्याने बोटांनी इंग्रजी लिहिलं आहे, त्याला कोणतं अक्षर महाग हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता शब्द शोधायचे कसे? मुलांना सुरुवातीला वाटतं, ज्याला जास्त इंग्रजी येतं तोच जिंकणार. तसं नसतं. हातात आय, एन आणि जी आले, की ते शेवटी लावायला बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या चारांतून क्रियापद शोधायचं. साती अक्षरं एकदम लागली तर 50 गुण जास्तीचे. ई, ए, एस, टी ही चार अक्षरं हलवून पाहा. ईस्ट होतो, सीट होतो, ईट्स होतो, टीज होतो. एकाच वेळी दिशा, बसायची जागा, खाणं आणि चहा! मुलं हसतात, पण ती चार स्पेलिंगं जन्मात विसरत नाहीत.

क्यू आला की मुलं घाबरतात, कारण त्याच्यामागे यू लागतो आणि यूच्या सोंगट्या चारच. पण यू नसलेलेही शब्द आहेत. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द, म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये लोक चघळतात तो पाला. आणि एफ-ए-क्यू-आय-आर? आपला फकीर! लाख, कोटी मोजायचा क्रोर, तूप, साडी, लाठी हे आपले शब्द इंग्रजी शब्दकोशात मानाने बसले आहेत. स्तूप, सूत्र, निर्वाणही आहेत. ज्या भाषेला आपण परकी म्हणून भितो, तिने आपल्याकडून काय काय नेलं आहे, हे मुलांना शब्दकोशातच सापडतं.

आमच्या वर्गात आठवीतली एक मुलगी येते. वडील हमाली करतात. शाळेत इंग्रजीचं पुस्तक वाचायला उभं केलं की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, कारण एकदा उच्चार चुकला तेव्हा सगळा वर्ग हसला होता. एका रविवारी तिने पटावर ई-क्यू-यू-ए-एल अशी अक्षरं मांडली. समोरचा मुलगा म्हणाला, "यात के पाहिजे." आम्ही शब्दकोश उघडला. शब्द बरोबर होता, 14 गुणांचा. अर्थ विचारला तर ती हळूच म्हणाली, "समान." त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं, की आपल्याला इंग्रजी येतं, फक्त ते बोलून दाखवायची भीती वाटते.

मला या खेळाचं मोल इथेच वाटतं. आपल्या मुलांना हसतात ते बहुधा उच्चारावरून. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नसलं तर उच्चार कुठून येणार? सोंगट्या मात्र उच्चार विचारत नाहीत. बापाचा धंदा विचारत नाहीत, शाळा कोणत्या माध्यमाची हेही विचारत नाहीत. 'कोटा' या शब्दावरून कॉलेजात आपल्या मुलामुलींना टोमणे ऐकावे लागतात. पटावर मांडला तर त्याचेही 14 गुण होतात, 'इक्वल'इतकेच!

ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे लोकही यात जगात पहिले आले आहेत. 2003 साली थायलंडचा पानुपोल सुज्जयाकोर्न जगज्जेता झाला. 2015 साली नायजेरियाचा वेलिंग्टन जिघेरे. हा मान मिळवणारा तो पहिला आफ्रिकन.

पण एक इशारा देतो. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने 2015 मध्ये फ्रेंच भाषेतलं जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्याने शब्दकोश पाठ केला होता. म्हणजे नुसते शब्द जुळवून भाषा येत नाही. म्हणून आम्ही आपला एक जादा नियम केला आहे. मांडलेल्या शब्दाचा मराठीत अर्थ सांगायचा आणि इंग्रजीत एक वाक्य मोठ्याने म्हणायचं, तरच गुण. वाक्य चुकलं तर हसायचं नाही, सुधारून पुन्हा म्हणायचं. अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणारी साधनं आता मोबाईलवर आहेत. ती आम्ही डाव संपल्यावर उघडतो, काय काय सुटलं ते पाहायला. आधी उघडली तर डोकं चालायचं थांबतं.

विकतचा पट हवाच असं नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापा. ई 12, ए आणि आय 9-9, ओ 8. एन, आर, टी 6-6. एल, एस, यू, डी 4-4. जी 3. के, जे, एक्स, क्यू, झेड एकेकच. दोन कोरे, ते हव्या त्या अक्षराच्या जागी चालतात. उरलेली सगळी अक्षरं दोन-दोन. पट जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आखा. एक शब्दकोश मात्र घरात असू द्या. क्लासच्या एका महिन्याच्या फीपेक्षा तो स्वस्त पडतो.

आणि आईवडिलांनो, आम्हाला येत नाही म्हणून उठून जाऊ नका. गुणांची बेरीज तुम्ही करा. कोण जिंकलं ते आईने जाहीर करावं. मुलगा शब्द मांडेल तेव्हा त्याला अर्थ विचारा. तुम्हाला समजावून सांगता सांगता त्याचं इंग्रजी पक्कं होईल, आणि महिन्याभरात दोन-चार शब्द तुमच्याही ओठांवर येतील.