चार फुटांचा पाया

आमच्या घरात दरवर्षी दिवाळीच्या आधी एक कार्यक्रम ठरलेला असायचा. भेग बुजवण्याचा! स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी तिरपी थेट छतापर्यंत गेलेली ती भेग बाबा सिमेंटने बुजवायचे आणि वरून रंगाचा हात मारायचे. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना काही म्हणजे काही कळायचं नाही. पण एप्रिल उजाडला की येरे माझ्या मागल्या! मे महिन्यात तर त्या भेगेत माझ्या करंगळीचं टोक जायचं. आणि भेगेकडे बघून बाबांचं दरवर्षी एकच वाक्य, "मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं!"

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. जिकडे बघावं तिकडे काळी माती. घर बांधलं तेव्हा मी तिसरीत होतो. बांधणाऱ्या मिस्त्रींना सगळी गल्ली मामू म्हणायची, मीही म्हणायचो. दुसऱ्याच उन्हाळ्यात भेग पडली आणि बाबांनी त्यांचे शेवटचे चार हजार रुपये अडकवून ठेवले. शब्दाला शब्द वाढला, बोलणं बंद झालं. मामूंचा मुलगा माझ्याच वर्गात होता. पण त्यांच्या घरी ईदचा शीरखुर्मा खायला जाणं त्या वर्षापासून बंद झालं ते झालंच.

पुढे मी सिव्हिलला आलो. बाबा गावात सांगत फिरायचे, "आता पोरगाच इंजिनिअर होणार, मिस्त्रीची चोरी पकडणार." मलाही आतून तसंच वाटायचं. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षाला माती यांत्रिकीच्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "आपापल्या गावची माती आणा." मी दिवाळीच्या सुट्टीत अंगणातली माती पिशवीत भरून आणली. ती वाळवली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली. दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत टाकली. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी रीडिंग घ्यायचं, बस्स. रॉकेलातली माती ११ मिलीवर गपगुमान बसली होती. पाण्यातली २० मिलीवर! म्हणजे फुगवटा जवळजवळ ८२ टक्के. ५० च्या वर गेलं की बांधकाम करणाऱ्याने जपून राहायचं.

कारण साधं आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे अतिशय पातळ थर असतात. त्या थरांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. रॉकेल मात्र त्या थरांत शिरून त्यांना फुगवत नाही. ज्या गुणामुळे ही माती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि कापूस पोसते, तोच गुण घराच्या मुळावर येतो.

सरांनी माझं रीडिंग पाहिलं आणि विचारलं, "घराला भेगा आहेत का?"

"आहेत सर."

"कधी रुंदावतात? पावसाळ्यात की उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात."

"मग त्या कोपऱ्याजवळ पाणी कुठलं मुरतंय ते शोध."

मी शोधायची गरजच नव्हती. त्याच कोपऱ्यावर मोरीचं पाणी बाहेर पडतं. आणि तिथे तीन केळी आहेत. सातवीत असताना शाळेत परसबागेचा उपक्रम होता. तेव्हा मीच ती भिंतीला खेटून लावली होती. पाणी वाया जाऊ नये म्हणून मोठ्ठं आळंही मीच केलं होतं. केळीचे घड गल्लीभर वाटले होते आणि बाबांनी पाठ थोपटली होती!

सरांनी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून दाखवलं. माती सगळीकडे सारखी फुगली, सारखी बसली तर घर बरंचसं सहन करतं. घात होतो तो फरकामुळे. मोरीचा कोपरा बारा महिने ओला, म्हणून फुगलेला. बाकीच्या पायाखालची माती उन्हाळ्यात सुकते आणि बसते. घराचा एक कोपरा वर आणि बाकीचं घर खाली, मग भिंत काय करणार? जिथे कमजोर जागा असेल तिथे, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात, ती उकलते. पावसाळ्यात सगळंच ओलं झालं की भेग मिटत येते. म्हणजे बाबा ती मिटलेली असताना बुजवत होते आणि उन्हाळ्यात ती पुन्हा उघडत होती!

मे महिन्यात घरी गेलो. आधी एक मोठा खिळा घेऊन भेगेजवळच्या विटांच्या सांध्यातला माल खरवडून पाहिला. निघेना. मामूंनी सिमेंट खाल्लेलं नव्हतं. मग भिंतीपासून हातभर लांब दोन लहान खड्डे घेतले. मोरीच्या बाजूची माती दोन फुटांवर लोण्यासारखी. दुसऱ्या बाजूच्या भेगेत तुरीची काडी हातभर आत गेली. तिथे चार फूट खाली गेलो तरी काळीच माती. मुरूम लागेचना.

मी बाबांना सगळं सांगितलं. केळी मी लावल्या, हेही सांगितलं. ते खड्ड्याच्या काठावर बसून ऐकत होते. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "मिस्त्री म्हणला होता. मुरूम लागेस्तोवर खोदू, अजून तीन फूट तरी लागतील. पतसंस्थेच्या कर्जातले पैसे संपत आले होते. मीच म्हणलं, चार फूट लई झालं."

मी काहीच बोललो नाही. तेरा वर्षं ते वाक्य त्यांच्या पोटात होतं.

त्याच संध्याकाळी बाबा मामूंकडे गेले. मला बरोबर नेलं. चार हजार रुपये पाकिटात घालून मामूंच्या हातात दिले आणि म्हणाले, "मिस्त्री, चूक माझी होती." मामूंनी पाकीट न उघडता खिशात ठेवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मोरीचं पानी अजून तिथंच जातंय का? मी तेव्हाच बोललो होतो, पाईप टाका म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू सामानाची यादी घेऊन हजर!

आम्ही काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कित्येकांची घरं काळ्या मातीवर असतील. केळी काढून परसाच्या टोकाला लावल्या. मोरीचं पाणी पाईपने थेट गटारात सोडलं. छताच्या पन्हाळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी आदळायचं, त्यांनाही पाईप लावून लांब नेलं. घराभोवती चार फुटांचा पट्टा खणून वरची काळी माती काढली, मुरूम भरून धुमसला, जाड प्लास्टिक अंथरलं आणि वर बाहेरच्या बाजूला उतार देऊन काँक्रीट केलं. पट्टा सहा फुटांचा असता तर अजून चांगलं, पण बोळ तेवढाच होता. भिंत आणि पट्टा यांच्यातली फट डांबराने भरली. कडुनिंब लांब आहे म्हणून ठेवला. मोठं झाड घरापासून निदान त्याच्या उंचीइतकं दूर असावं असं सर सांगतात, कारण मुळं मातीतलं पाणी ओढून घेतात.

भेग मात्र बुजवली नाही. बाबांना ते फार जड गेलं. त्यावर एक काचेची पट्टी चिकटवली आणि दर महिन्याला पट्टीने रुंदी मोजून भिंतीवरच पेन्सिलने तारीख टाकायची असं ठरलं. हे काम बाबांनी घेतलं. मी हॉस्टेलवर, आणि दर पहिल्या तारखेला त्यांचा फोन, "आज तीन मिलीमीटर!"

पाया काही खाली गेलेला नाही, तो चार फुटांवरच आहे. नवीन घर असतं तर मुरमापर्यंत गेलो असतो, किंवा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाईल घातले असते. खालच्या टोकाला कंदासारखा फुगवटा असलेले हे खांब खोल काळ्या मातीत निदान साडेतीन मीटर तरी नेतात, कारण ऋतूंप्रमाणे होणारा ओलाव्याचा बदल साधारण तिथे थांबतो. उभ्या घराला ते करणं खर्चाचं. आपल्या हातात एवढंच की पायाखालची ओल वर्षभर शक्य तितकी सारखी ठेवायची.

या मे महिन्यात मी स्वतः जाऊन मोजलं. काच तडकली होती, पण भेग दीड मिलीमीटर. करंगळी सोडा, नखही जात नव्हतं. ही दिवाळी आली की मामूच ती शेवटची बुजवणार आहेत. मजुरी किती घेणार विचारलं तर म्हणाले, "इंजिनिअर साहेब, आधी ईदला घरी या, मग बोलू."

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी