शिआनमधील पंचवीस दिवस

ज्यानें चार देश पाहिले त्यानें प्रवासवर्णन लिहावें, असा शिरस्ता आहे. मी तसा हिंडलेला मनुष्य नव्हे. तेहतीस वर्षें एका तालुक्याच्या गांवीं मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत गेलीं, आणि एक काशीयात्रा सोडली तर नर्मदेपलीकडे माझें पाऊल पडलें नव्हतें. तेव्हां वाचकांनीं या लेखांत चीन देशाचें समग्र वर्णन शोधूं नये. सन २०२४ सालीं सर्वपित्री अमावास्या झाल्यावर सौभाग्यवती व मी धाकट्या चिरंजीवाकडे शिआन शहरीं गेलों, तों दिवाळीच्या तोंडावर परत आलों. चिरंजीव आणि सूनबाई परमुलखांत आपला फावला वेळ कसा घालवितात, आणि तें पाहून माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकास काय वाटलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

जातांना मनांत एक हेतु होता, तो आधींच सांगून टाकतों. चिरंजीव तेथील एका कारखान्यांत इंजिनियर आहे. त्याच्याबरोबर जावयाचें म्हणून सूनबाईनें पुण्यांतील चांगली नोकरी सोडली. नवऱ्यामागें येणाऱ्या बायकोला तेथें राहण्याचा परवाना मिळतो, पण त्या परवान्यावर तिला नोकरी करतां येत नाहीं. शिकलेली, कमावती मुलगी आतां दिवसभर चार भिंतींत बसून राहणार, ही गोष्ट आमच्या नऊ माणसांच्या घरांत कोणालाच रुचली नव्हती. पंक्तीला बसलें कीं हाच विषय निघे. अखेर वडील वहिनींनीं मला बजावलें, "भावोजी, जातां आहांत तर त्यांना परत यायचें सांगूनच या." मेतकूट, सांडगे आणि हा निरोप बरोबर घेऊन आम्ही विमानांत बसलों, आणि बँकॉकला विमान बदलून शिआनला उतरलों.

शिआन म्हणजे जुनें चांगआन. थांग राजांच्या वेळीं ही चीनची राजधानी होती, आणि पश्चिमेकडे जाणारा रेशमाचा व्यापारी मार्ग येथूनच निघे. आम्ही पोंचलों तेव्हां तेथील राष्ट्रीय सणाची सुटी चालू होती. चिरंजीवास कारखान्यांतून एरवीं रात्रीं आठ-नऊपर्यंत सुटका नसते. त्या सुटींत मात्र तो आमच्या बरोबर हिंडला. सन १९७४ मध्यें विहीर खणतांना शेतकऱ्यांना सांपडलेलें मातीचें सैन्य त्यानें आम्हांस दाखविलें. हजारों सैनिक, आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाहीं. पण तेथें दर्शनाच्या बारीसारखी गर्दी होती, आणि तें वर्णन वाचकांनीं अन्यत्र पुष्कळ वाचलेलें असणार.

आम्हांस खरी चिंता जेवणाची होती. ती पहिल्याच दिवशीं मिटली. "मी शाकाहारी आहें" या अर्थाचे तीन शब्द, 'वो छ सू', सूनबाईनें आमच्याकडून पाठ करून घेतले. एकवीस विभक्तिप्रत्यय शिकविणाऱ्यास तीन शब्दांसाठीं चार वेळां चुकावें लागलें! मग तिनें आम्हांस एका लहानशा दुकानांत नेलें आणि 'लियांगफी' नांवाचा पदार्थ मागविला. कणीक मळून ती पाण्यांत धुवावयाची, पाणी निवळूं द्यावयाचें, खालीं बसलेलें सत्त्व ताटलींत घालून वाफवावयाचें, आणि त्याच्या पट्ट्या कापून वर तिखट तेल व शिरका घालावयाचा. सौभाग्यवतीनें पहिला घांस घेतला आणि ती म्हणाली, "अहो, हा तर कुरडईचा चीक!" त्या क्षणापासून चीन देश तिला परका राहिला नाहीं.

शनिवारीं तीं दोघें तटावर जातात. शिआनच्या जुन्या वस्तीभोंवतीं मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें चौदाव्या शतकांत बांधलेला तट अद्याप अखंड उभा आहे. त्याची उंची बारा मीटर, घेर सुमारें पावणेचौदा किलोमीटर, आणि माथा इतका रुंद कीं त्यावरून दोन-तीन बैलगाड्या शेजारीं शेजारीं सहज जाव्यात. तेथें सायकली भाड्यानें मिळतात. दोघांनीं मिळून चालवावयाची एक लांब सायकल घेऊन चिरंजीव पुढें व सूनबाई मागें बसली, आणि आम्ही दोघें विजेच्या गाडींत बसलों. एका बाजूस कौलारू घरें, दुसऱ्या बाजूस आकाशास भिडलेल्या इमारती. मधून मधून तीं दोघें आम्हांस गांठीत व हात हालवीत. घरीं सहा दिवस एकमेकांस ओझरतें पाहणारें हें जोडपें त्या दीड-दोन तासांत जें बोलत असेल, तें बोलण्यास आमच्या वाड्यांत त्यांना जागा तरी कोठें मिळाली असती, असा विचार माझ्या मनांत आला. तो मीं तेव्हां बोलून दाखविला नाहीं.

रविवारीं आम्ही त्सअन मठांतील मोठा हंस-स्तूप पाहिला. संस्कृताच्या माणसास हें तीर्थच आहे. नालंदेंत अध्ययन करून आणि आपल्या देशांत बहुत हिंडून ह्युएनत्संग सन ६४५ मध्यें या शहरीं परतला, तेव्हां त्याच्याबरोबर ६५७ संस्कृत ग्रंथ होते. ते सुरक्षित राहावेत म्हणून सन ६५२ मध्यें हा स्तूप बांधला गेला. आज तो सात मजल्यांचा, सुमारें चौसष्ट मीटर उंच आहे. हाच यात्रेकरू पुलकेशीच्या काळीं महाराष्ट्रांत आला होता, आणि येथील लोक मानी असून उपकार व अपकार दोन्ही विसरत नाहींत, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. वर्गांत हें मीं अनेकदां सांगितलें होतें. परंतु स्तूपाच्या सावलींत उभा असतांना निराळीच गोष्ट मनांत भरली. परत आल्यावर तो पुनः दूरच्या प्रवासास गेला नाहीं. सन ६६४ मध्यें देह ठेवीपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षें, त्यानें भाषांतराचें काम केलें, आणि सुमारें पाऊणशें ग्रंथ चिनी भाषेंत आणले. त्याचा प्रवास सर्व जगाला ठाऊक आहे. पण प्रवासाहून अधिक वर्षें त्यानें बैठकीस दिलीं. मला सेवानिवृत्त होऊन त्या वेळीं सहा वर्षें झालीं होतीं. त्या सहा वर्षांचा हिशेब मांडण्याचें मीं टाळलें.

सोमवारपासून चिरंजीव कामावर गेला, आणि सूनबाईचा दिवस कसा जातो तें पाहावयास मिळालें. सकाळीं ती आम्हांस तटाखालच्या बागेंत नेई. तटाच्या व खंदकाच्या मधून ही बाग शहराला वळसा घालून जाते. तेथें म्हाताऱ्यांचें राज्य! कोणी सावकाश हातपाय फिरवून व्यायाम करीत आहेत, कोणी पिंजऱ्यांतील पक्षी फांदीला टांगून गप्पा मारीत आहेत, कोणी बुद्धिबळांत डोकें घालून बसले आहेत. एके ठिकाणीं हौशी मंडळी तंतुवाद्य व लांकडी टाळ घेऊन त्या प्रांताचें 'छिनच्यांग' नांवाचें नाट्यगीत टिपेच्या सुरांत गात होती. शब्द एक कळला नाहीं, परंतु ऐकणाऱ्यांच्या माना अगदीं आपल्याकडील जुन्या नाटकवेड्यांसारख्या डोलत होत्या.

फरसबंदीवर एक वृद्ध गृहस्थ हातभर लांब कुंचला पाण्यांत बुडवून मोठीं मोठीं अक्षरें काढीत होते. कुंचल्याच्या टोंकास स्पंज होता. ओळीच्या शेवटास येईपर्यंत आरंभींचें अक्षर वाळून नाहींसें होई, आणि ते पुनः तितक्याच निगुतीनें पुढची ओळ सुरू करीत. मी टक लावून पाहतों आहें हें पाहून त्यांनीं कुंचला माझ्या हातीं दिला. काय लिहावें हें न सुचून मीं 'इंदु' हीं दोन अक्षरें काढलीं. अर्थ काय, असें त्यांनीं सूनबाईमार्फत विचारलें. ती म्हणाली, "चंद्र." आणि मग हंसून मला म्हणाली, "बाबा, यांच्या भाषेंत आपल्या देशाला यिन्दूच म्हणतात." तें मला ठाऊक होतें. अनेक जुनीं नांवें बाजूस सारून हेंच नांव ह्युएनत्संगानें योग्य ठरविलें, आणि त्याचा अर्थ चंद्र असा दिला. सूनबाईनें हें त्या गृहस्थांस सांगतांच त्यांनीं माझ्या अक्षरांखालीं आपलें चंद्राचें अक्षर काढलें. दोन्ही वाळेपर्यंत आम्ही दोघे तेथें उभे राहिलों. ते गृहस्थ पूर्वीं शाळेंत गणित शिकवीत असत, असें नंतर कळलें. त्या दिवसापासून आमची रोज भेट होऊं लागली.

आतां ज्या गोष्टीनें मला धक्का बसला ती सांगतों. एके दिवशीं संध्याकाळीं सात वाजतां सूनबाई पायांत बूट घालून म्हणाली, "बाबा, मी चौकांत जाऊन येतें. तुम्ही आणि आई येतां का?" गेलों. पाहतों तों चौकांत साठ-सत्तर बायका रांगा करून उभ्या, समोर मोठा ध्वनिक्षेपक, आणि गाणें सुरू होतांच सगळ्या तालावर नाचूं लागल्या! बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढच्या. तिसऱ्या रांगेंत आमची सूनबाई. मी मान खालीं घातली. घरची सून भर चौकांत नाचते, हें मी घरीं कोणत्या तोंडानें सांगणार? पण सौभाग्यवती शांतपणें म्हणाली, "त्यांत काय झालें? मंगळागौरीला आम्ही झिम्मा-फुगडी घालतों, तें दुसरें काय असतें? फरक इतकाच कीं आमची रात्र वर्षांतून एकदां, आणि यांची रोज." दुसऱ्या दिवशीं ती शेवटच्या रांगेंत जाऊन उभी राहिली.

एवढ्या बायकांना रोज मोकळा वेळ कसा, याचेंही उत्तर मिळालें. तेथें बायकांना पन्नासाव्या किंवा पंचावन्नाव्या वर्षीं सेवानिवृत्त करण्याचा नियम होता. सन २०२५ पासून तें वय हळूहळू वाढविण्यास आरंभ झाला आहे. दिवसा नातवंडें सांभाळावयाचीं, संध्याकाळीं चौकांत यावयाचें, असा त्यांचा क्रम. पुढच्या रांगेंतील सत्तरीच्या आजीबाई सूनबाईच्या गुरु निघाल्या.

कोजागरीच्या रात्रीं एकोणिसाव्या मजल्यावरील गॅलरींत दूध आटविलें. चिरंजीव कामावरून यावयाचा होता, सौभाग्यवती आंत होती. वहिनींचा निरोप सांगण्यास हीच वेळ योग्य असें वाटून मीं विचारलें, "सूनबाई, इकडे तुला करमतें का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, पहिले सहा महिने मी रोज दुपारीं रडत होतें. आईंना फोनवर सगळें छान आहे म्हणून सांगत होतें. एके दिवशीं मंडईंत कोथिंबीर मागतां येईना, तेव्हां त्या आजींनीं माझा हात धरून एकेका भाजीपुढें मला उभें केलें आणि नांवें म्हणवून घेतलीं. त्या दिवसापासून रोज पांच अक्षरें शिकावयाचीं ठरविलें. आतां भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी झाली आहे."

"मग परत यावेंसें वाटत नाहीं?"

"वाटतें तर! माझी नोकरी गेली त्याचें दुःख नाचून जात नाहीं, बाबा. मी पुनः काम करणार आहें, तेव्हां परत येऊं. पण येथें रिकामी बसलें आहें म्हणून कोणी मला बोलवूं नये. मी रिकामी नाहीं." आणि मग अगदीं सहज तिनें विचारलें, "तुम्ही तिकडे दिवसभर काय करतां?"

तेहतीस वर्षें मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माझ्याजवळ या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. सकाळीं वर्तमानपत्र वाचतों, दुपारीं तेंच पुनः वाचतों, आणि संध्याकाळीं पारावर बसून हल्लींच्या पिढीला नांवें ठेवतों, हें मीं तिला सांगितलें नाहीं. वहिनींचा निरोपही सांगितला नाहीं. दूध मात्र दोन पेले अधिक प्यालों.

वाचकांनीं असें समजूं नये कीं तेथें सर्व कांहीं सोन्याचें आहे. चिरंजीवाला फुरसत अशी शनिवार-रविवारचीच. मोबाईलवांचून तेथें चहासुद्धां विकत घेणें मला जमलें नाहीं. आणि ज्या नियमानें शिकलेल्या स्त्रीचें काम बंद होतें, त्याचें समर्थन मी करणार नाहीं. परंतु लादलेल्या रिकामपणांतून माणूस आपलें कांहींतरी उभें करूं शकतो, हें मीं माझ्या सुनेकडून व त्या चौकांतील आजीबाईंकडून शिकलों.

परत आल्यावर वहिनींनीं पहिलाच प्रश्न केला, "काय भावोजी, केव्हां येतात दोघें?" मीं म्हटलें, "त्यांचें त्यांना ठरवूं द्या." त्या रागावल्या, चार दिवस माझ्याशीं बोलल्या नाहींत. गेल्या पौषापासून मी गणपतीच्या देवळाच्या ओवरींत संध्याकाळीं तासभर संस्कृत शिकवितों. तीन मुलें, पोस्टांतून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ आणि एक मध्यमवयीन बाई, एवढाच वर्ग. ओवरींत फळा नाहीं. देवळासमोरच्या फरशीवर मी पाण्यानें अक्षरें काढतों, तीं वाळेपर्यंत विद्यार्थी उतरून घेतात. परवां वाड्याच्या चौकांत सौभाग्यवतीच्या मैत्रिणी झिम्म्याला जमल्या होत्या, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आमच्या वहिनी ओट्यावर बसून ताल धरीत होत्या.