पंचाहत्तरची नोट

मे महिन्यात भाचा रत्नागिरीला आला आणि माळ्यावरचा ‘व्यापार’ खेळाचा डबा काढून बसला. पाच मिनिटांत हाक आली, “आत्या, ही पंचाहत्तरची कशी काय?”

तपकिरी, मऊ पडलेली, जिलबीसारख्या अक्षरांची नोट. ती त्या डब्यात मीच टाकली होती, सातवीत असताना, रागाने.

बाबा जहाजावर. १९८६ साली रंगूनच्या बाजारात त्यांनी लुंगी घेतली, त्यातून उरलेली ही नोट माझ्यासाठी आणली. शाळेच्या प्रदर्शनात मी ती मांडली. सरांनी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पंचाहत्तरची नोट कुठल्या देशात असते गं? खेळातली दिसते.” झालं. मग खेळातच टाकली.

आमच्या गावाला ब्रह्मदेशाची दोनच माणसं ठाऊक: १८८६ साली इथे आणून ठेवलेला थिबा राजा, आणि इथे जन्मून मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढलेले टिळक. त्यानंतर तिथे कोणी राहतं का, याची चौकशी कोणी केली नाही.

आणि सर तरी पूर्ण चुकले कुठे? ५ सप्टेंबर १९८७ ला तिथल्या लष्करशहा ने विनच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा रद्द केल्या. मोबदला शून्य. पाठोपाठ ४५ आणि ९० च्या आल्या. नऊचा आकडा त्याला लाभतो म्हणे! विद्यार्थ्यांचे फीचे पैसे रातोरात कागद झाले. पुढच्या मार्चमध्ये चहाच्या दुकानात कॅसेटवरून मारामारी झाली, ते प्रकरण चिघळलं, एक विद्यार्थी गोळीने गेला. जुलैत ने विन पायउतार. ८-८-८८ ला देश रस्त्यावर. याच नोटेवर चित्र असलेल्या आंग सान यांची मुलगी ऑगस्टअखेर श्वेडगॉन पॅगोडापाशी लाखोंपुढे बोलली. १८ सप्टेंबरला पुन्हा लष्कर, पुन्हा गोळीबार.

त्या दिवसांत बाबा सुट्टीवर होते. रंगूनचं नाव आलं की रेडिओचा आवाज वाढवायचे. मला वाटे, आता शाळेत येऊन सरांना सांगतील. नाही आले. एका रात्री रेडिओ बंद करून आईला एवढंच म्हणाले, “त्या लुंगीवालीने बिस्किटाच्या डब्यात अशाच नोटा रचून ठेवल्या होत्या गं.”

तेव्हा माझ्या डोक्यात फक्त खिडकी, उजेड आणि सरांचा हात. डबा आत्ता आठवतो. झाकणाचा आवाजसुद्धा ऐकू येतो, जो मी कधी ऐकलेला नाही.

भाच्याला म्हटलं, खरी आहे, चालव. दार्जिलिंगच्या भाड्यात मी त्याला ती दिली. त्याने बोटांवर हिशेब केला आणि पंचवीस परत दिले.