भिंतीला धरून 3 मिनिटं

"मॅडम, पोहायचं नसेल तर लेन मोकळी करा!" भरल्या बॅचमध्ये, शिट्टी मारून, सगळ्यांदेखत आमचे पोहण्याचे सर असं बोलले. ते अजून डोक्यातून जात नाही.

मी पंचेचाळिशी ओलांडलेली, मास्टर्स स्पर्धांना जाणारी. प्रकार एकच, 50 मीटर फ्रीस्टाइल. लहानपणी शिकले, मधे नोकरी-संसार, मग पुन्हा पाणी. हे बहुतेकींचं सारखंच असतं. टाइम मात्र जागचा हलत नव्हता आणि सरांचं उत्तर ठरलेलं: अंतर वाढवा. रोज 2 किलोमीटर मारून दम वाढला, वेग नाही.

वाढणार कुठून? पूर्ण जोर लावायचा तर स्नायूंमधला झटपट ऊर्जेचा साठा जेमतेम 10 सेकंद पुरतो आणि तो भरून यायला 3 ते 5 मिनिटं लागतात. त्याआधी निघालं की सराव होतो तो दमाचा. शिवाय वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर पाण्याला तोंड द्यायला ताकद सुमारे एक तृतीयांश जास्त लागते. म्हणून मी सेट बदलला. 15 मीटर जीव तोडून, परत येताना अगदी सावकाश, मग भिंतीला धरून 3 मिनिटं उभी.

ती 3 मिनिटं म्हणजे माझा गुन्हा! मी समजावून सांगितलं, स्ट्रेस टेस्टचा रिपोर्टही दाखवला. सर म्हणाले, "या वयात कसली स्प्रिंट? हार्टला जपा." शेजारच्या लेनमध्ये शाळकरी मुलगा प्रत्येक डाइव्हनंतर तेवढाच वेळ थांबायचा. त्याची ती रिकव्हरी, माझा तो टाइमपास. स्टार्टिंग ब्लॉकवर चढायची तर मोठ्यांना बंदीच. काठावरूनही डाइव्ह नको म्हणे. 50 मीटरच्या शर्यतीत स्टार्टचा सराव करायचा नाही, तर करायचं काय? आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2018च्या एशियाडमध्ये याच प्रकारात चौथा आला, पदक हुकलं ते एक शतांश सेकंदाने. आणि वयाचं म्हणाल, तर अँथनी अर्विनने 2016मध्ये रिओला 35व्या वर्षी हेच सुवर्ण जिंकलं. डारा टॉरेसने 2008मध्ये बीजिंगला 41व्या वर्षी रौप्य.

शेवटी मी दुसऱ्या तलावावर दुपारची वेळ घेतली. मैत्रिणीने काठावरून व्हिडिओ काढला, तेव्हा कळलं की जोर वाढवला की माझा डावा हात डोक्यासमोरून पलीकडे जातो, कंबर बाजूला फेकली जाते आणि कोपर खाली पडतं. मग हात पाणी धरतच नाही, नुसता घसरतो. ताजेपणी हे दुरुस्त करता येतं. दमल्यावर जुनीच सवय पक्की होते. टाइम हळूहळू उतरला.

तरीही आठवड्यातून एकदा मी ते 2 किलोमीटर मारतेच, त्या रात्री झोप छान लागते. आणि माझ्या लेनमध्ये कुणी भिंतीला टेकून उभं दिसलं की मलाही आधी वैतागच येतो.

तलाव चालवणाऱ्यांना एवढंच मागणं आहे: मोठ्यांच्या बॅचमध्ये 15 मिनिटं एक लेन स्प्रिंटसाठी ठेवा आणि प्रशिक्षक समोर असताना आम्हालाही ब्लॉकवर चढू द्या.