‘पंडित लागले का?’

मॅच सुरू झाली का, असं आमच्या घरी कोणी विचारत नसे. ‘पंडित लागले का?’ असं विचारायचे. माजघरातल्या फळीवर काकांचा मर्फी रेडिओ होता. त्याचा परवाना दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून आणावा लागे आणि ते काम काका देवाचं काम असल्यासारखं करत. त्या रेडिओतून पुणं-मुंबईच्या मैदानांवरचं क्रिकेट आमच्या वाड्यात यायचं ते बाळ ज. पंडित यांच्या मराठीतून.

आज आम्ही सगळी चुलत-आते भावंडं साठीच्या पुढे आहोत. एकत्र आलो की पंडितांचा विषय निघतोच. कारण आमच्या घरात क्रिकेट सगळ्यांचं झालं ते त्यांच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी ते फक्त दोन माणसांचं होतं. बॉबी तल्यारखान यांनी १९३०च्या दशकात मुंबईतून इंग्रजी समालोचन सुरू केलं, तेव्हापासून रेडिओवरचं क्रिकेट म्हणजे इंग्रजी, हेच समीकरण होतं. बाबा आणि काका रेडिओला कान लावून बसत. काय झालं ते त्यांनी सांगितलं तर इतरांना कळणार, आणि रंगात आलेला माणूस सांगतो कशाला! चौथीपर्यंत शिकलेली आजी, आत्या, आई यांच्या वाट्याला फक्त त्या दोघांचे चेहरे यायचे. चेहरे पडले की समजायचं, आपली विकेट गेली.

मराठीतून धावतं वर्णन ऐकू यायला लागलं आणि घरातली ही उतरंड मोडली. आजी निवडायचे तांदूळ घेऊन थेट रेडिओसमोर येऊन बसली. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. फलंदाज कुठे चाचपडतोय, गोलंदाज काय मनात धरून चेंडू टाकतोय, हे त्यांना आतून ठाऊक होतं. पण ते ज्ञान अंगावर फेकलेलं कधी वाटलं नाही. घरातल्याच कोणी जाणत्या माणसाने शेजारी बसून सांगावं, तसं ते सांगत.

त्यांची सांगण्याची शिस्त मला आजही अपूर्व वाटते. चेंडू पडायच्या आधी मैदान उभं राहायचं. गोलंदाज कुठल्या टोकाकडून येतोय, स्लिपमध्ये किती जण आहेत, मिडऑनवाला पुढे आलाय की मागेच आहे. मग चेंडू, मग फटका, मग कोण धावलं, किती धावा झाल्या. आणि धावफलक पुन्हा पुन्हा. फोडणी देऊन बाहेर आलेल्या बाईला ‘आता किती?’ असं विचारावं लागत नसे. रेडिओवर ऐकणारा माणूस दिवसभर एका जागी बसून नसतो, हे ज्याला कळलं त्यालाच असं बोलणं जमतं.

आम्हा मुलांचा उद्योग चिंचोक्यांचा. माजघराच्या फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढायचं, मधे काडेपेटी आडवी ठेवायची ती खेळपट्टी, आणि सभोवती अकरा चिंचोके. पंडितांनी क्षेत्ररक्षणातला बदल सांगितला की तो चिंचोका सरकवायचा. हा मान पाळीपाळीने मिळे आणि त्यावरून मारामाऱ्या होत. गली म्हणजे नेमकं कुठे, यावर एकदा धाकट्या आतेभावाने मोठ्याला चावा घेतला होता. आजी वरून बघायची. थोड्या दिवसांनी तिचं बोट आमच्याआधी योग्य चिंचोक्याकडे जाऊ लागलं. पायचीत म्हणजे काय हे तिला कोणी शिकवल्याचं आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. ऐकून ऐकून ते तिचं तिलाच उमगलं. डावखुरा फलंदाज आला की अख्खं वर्तुळ उलटं करावं लागे, तेव्हा मात्र आत्या हातातलं काम टाकून मदतीला येई.

आत्याचं लग्न होऊन ती गिरगावात गेली आणि घरात कायमचा तंटा उभा राहिला. मुंबई तेव्हा रणजी करंडक कोणाला देतच नव्हती. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं तो त्यांच्याकडेच. १९७०-७१च्या अंतिम सामन्यात मात्र त्यांच्यासमोर आपला महाराष्ट्र होता, आणि गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर सगळे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर. आता नाही तर कधी, असं सगळ्या पुण्याला वाटलं असणार. सुधीर नाईक यांच्या उरलेल्या संघाने तरीही ४८ धावांनी सामना जिंकला. त्यानंतर आत्या माहेरी आली तेव्हा आजीने तिला पहिला चहा दिला तो न बोलता. दुसऱ्या कपाला दोघींचा वाद सुरू झाला, आणि तो पुरुषांच्या वादाइतकाच जाणता होता. गोलंदाजी, क्षेत्ररक्षण, सगळं काढलं एकमेकींचं.

पंडितांच्या जोडीने आणखी एक नाव घ्यायला हवं, ते वि. वि. करमरकर यांचं. करमरकरही मराठीतून समालोचन करत, पण आम्हाला ते भेटले ते मुख्यतः ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या क्रीडापानावर. आदल्या दिवशी जे कानांनी ऐकलं त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी तिथे लागायचा. कबड्डी-खोखोलाही त्यांनी त्याच गांभीर्याने जागा दिली. ते २०२३च्या मार्चमध्ये गेले. पंडित त्याआधीच, २०१५च्या सप्टेंबरात, ऐन गणपतीच्या दिवसांत. वय ८६.

टीव्ही आल्यावर काही वर्षं आम्ही चित्र टीव्हीचं आणि आवाज रेडिओचा असं करून पाहिलं. मग तेही सुटलं. क्रिकेटवरची पंडितांची मराठी पुस्तकं मात्र थोरल्या चुलतभावाने जपून ठेवली आहेत. तो ती कोणाला नेऊ देत नाही, तिथेच बसून वाचायची.

आत्या आता नव्वदीला आली. नजर अधू झाल्यामुळे टीव्हीसमोर बसते पण ऐकतेच जास्त. परवा आयपीएलचं मराठी समालोचन लावून दिलं होतं. समालोचक तिघे होते, आनंदाने ओरडत होते. आत्याने दोन षटकं वाट पाहिली आणि मग भाचेसुनेला म्हणाली, “अगं, यांना कुणीतरी विचारा, स्लिपला माणूस आहे का नाही?”