वणंदच्या वाटेवर

दापोलीच्या एस. टी. स्टँडवर उतरलो तेव्हा उजाडत होते. मुंबईहून रात्रीची गाडी. बरोबर आमची मंडळी, मुलगा आणि नवी सूनबाई. सूनबाई दुसऱ्या समाजातली. लग्नाला दोनच महिने झालेले. वणंदला जायचे, हा हट्ट तिचा. आम्ही कोकणातलेच, पण आयुष्य मुंबईत गेले आणि इकडे पाय वळले नव्हते.

वणंद दापोलीपासून जवळच. लाल माती, चिऱ्याच्या भिंती, आंबा-काजूची झाडे. माता रमाईंचा जन्म इथला. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि पोरकी रमाई मुंबईला आली. बाबासाहेबांशी त्यांचे लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, मोकळ्या शेडमध्ये.

वंदन करून आम्ही सावलीला बसलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत का? आणि शेजारच्या काकूंना आई सांगतात, तुम्ही ऑफिसात होता. यांनी तर मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, आम्ही बौद्ध, वडील सफाई खात्यात होते."

मंडळींनी मान खाली घातली. पण चूक तिची नव्हती, आमची होती. दहा वर्षांपूर्वी चाळ सोडून सोसायटीत आलो, तेव्हा फोटो आत लावा असे आम्हीच म्हणालो. एकदा लपवले की लपवतच जावे लागते. काकू दहा वर्षे आमच्याकडे चहा पितात. पण त्या ज्यांच्याकडे येतात, ते आम्ही नव्हेच! मुलाने मात्र खरे सांगितले आणि ते ऐकूनच ही मुलगी घरात आली.

रमाईंचा संसार आठवला. 1913 साली बाबासाहेब अमेरिकेला गेले, 1920 साली पुन्हा लंडनला. परळच्या बी. आय. टी. चाळीत घर ओढले ते रमाईंनी. चार लेकरे गेली. पंढरपूरला जावे असे त्यांना फार वाटे, पण जिथे आपल्याला देवाच्या जवळ जाऊ देत नाहीत तिथे जायचे कशाला, हे बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले. प्रेम होते, पण खोटी समजूत नव्हती. 27 मे 1935 रोजी रमाई गेल्या. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा मोठा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला. टोपल्या वाहणाऱ्याची ही लेक. तिचे ऋण त्यांनी जगासमोर मांडले.

आणि आम्ही? ज्या झाडूने मुलाला शिकवले, त्या झाडूचीच आम्हाला लाज!

बंधुभगिनींनो, निष्ठा म्हणजे फक्त जयंतीला पांढरे कपडे घालणे नव्हे. आपल्या घरातला फोटो कुठल्या भिंतीवर आहे, हे एकदा पाहा.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला. संध्याकाळी काकू आल्या. फोटो पाहिला. आम्ही नोकरीचेही सांगून टाकले. त्यांनी मुकाट्याने चहा संपवला आणि गेल्या. पुन्हा येतील की नाही, ठाऊक नाही. पण आता आल्या, तर त्या आमच्याकडे येतील.