होळपु वेगळा, बण्ण वेगळा

खंडेनवमी जवळ आली की आमच्या विद्यानगरात पहाटेपासून बादल्यांचा खडखडाट सुरू होतो. कर्नाटकात ही आयुधपूजा. ज्याच्यावर पोट चालते आणि ज्याच्यावर घर फिरते, त्या सगळ्याला त्या दिवशी पाणी, हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. माझे माहेर बेळगावचे, सासर हुबळीचे. दोन्हीकडे भाषा वेगळी, पण गाडी धुण्याचा उत्साह एकच. दसरा संपला की आठवड्याभरात गाडी पुन्हा धुळकट होते तीही सारखीच. पूर्वेकडून वारा आला की काळ्या रानाची माती, धारवाडकडून आला की तांबडी.

आमच्या घरी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी होती. फिकट निळी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मामंजींनी ती नंबर लावून, वाट पाहून घेतली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, ती बातमी मामंजींनी कात्रण कापून ठेवली. घरात मारुती आली, पुढे दुसऱ्या गाड्या आल्या, पण पद्मिनी पोर्चमध्येच राहिली.

तिला चमकवायची मामंजींची रीत जुनी होती. दर दसऱ्याला रबिंगचा डबा उघडायचा आणि जुन्या धोतराच्या फडक्याने बॉनेट घासायचे. फडके निळे होई आणि गाडी चमके. मला वाटायचे, मळ निघतोय. खरे तर निघत होता तो रंग. जुन्या गाड्यांचा रंग एकेरी असे, म्हणजे वरच्या थरातच रंगाची पूड. नव्या गाड्यांत रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. कारखान्यातले सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड, म्हणजे दीड-दोन केसांएवढ्या जाडीवर गाडीचे सगळे रूप उभे. रबिंग म्हणजे बारीक खर. ते चरे काढते ते चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा रंग खरवडून. पस्तीस-छत्तीस दसरे झाल्यावर आमच्या पद्मिनीच्या बॉनेटच्या कडेला खालचा करडा प्रायमर डोकावू लागला.

तेवढ्यात थोरल्याचे लग्न ठरले. मुलगी कोल्हापूरची. नातवाची वरात आपल्या पद्मिनीतून निघावी, ही मामंजींची इच्छा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने आजवर काही मागितले नव्हते, तेव्हा नाही कोण म्हणणार? पण गाडी पांढुरकी, मळकी दिसत होती. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने सांगितले, "सगळा रंग खरवडून नवा मारू, शोरूमसारखी करून देतो." यजमान तयार झाले. मामंजी मात्र गप्प. मग मला म्हणाले, "नोडव्वा, हा रंग गाडीबरोबर आलेला आहे. तो गेला की गाडी दुसऱ्याची वाटेल." पुन्हा रबिंग करावे, तर उरलेला रंगही जाणार. पेच तो हाच होता.

वाट दाखवली ती गाड्यांची साफसफाई करणाऱ्या एका तरुणाने. तो म्हणाला, "अक्का, घासू नका. आधी ग्लेझ लावू, मग वॅक्स." ग्लेझ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याने जे समजावले ते मला माझ्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीने पटवले. फरशी कोरडी असली की राखाडी आणि निर्जीव दिसते. ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर, खोल दिसते. फरशी बदलत नाही. तिच्या खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाश वाटेल तिकडे उधळतो म्हणून ती फिकी वाटते. पाणी त्या खाचा भरते, प्रकाश नीट परत येतो आणि रंग गडद दिसतो. ग्लेझही तेच करते. त्यात तेले आणि भरणारे मऊ पदार्थ असतात. ते बारीक चऱ्यांत बसतात, वाळलेल्या जुन्या रंगाला ओलावा देतात. खर त्यात नसते किंवा अगदी नावापुरती असते, म्हणून रंग जवळजवळ झिजत नाही.

मग वॅक्स कशाला? तर ग्लेझ टिकत नाही. आपल्या सुती साडीला घातलेली खळ आठवा. कन्नडमध्ये तिला गंजी म्हणतात. इस्त्रीनंतर साडी कशी कडक उभी राहते, पण एका धुण्यात पुन्हा मऊ. ग्लेझ ही रंगाची खळ आहे. चार धुण्यांत, पावसात ते निघून जाते, आणि उन्हापासून किंवा पक्ष्यांच्या विष्ठेपासून ते गाडीचे रक्षणही करत नाही. ते काम वॅक्सचे. चांगल्या वॅक्समध्ये असते कार्नौबा, ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण. कडक उन्हात झाडाने पाणी धरून ठेवावे म्हणून पानांवर ते जमते. पाने वाळवून, झोडून ते काढतात. आपले मधमाशीचे मेण साठ-पासष्ट अंशांत वितळते, कार्नौबा ऐंशीच्या वर. म्हणून उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते तग धरते. आणि गंमत पाहा, मराठीत मेण, कन्नडमध्येही मेण. मेणबत्ती आणि मेणद बत्ती. दोन्हीकडच्या सोयऱ्यांना कळावा असा शब्द त्या दिवशी बाटलीतून निघाला.

कामाचा क्रम मी वहीत लिहून ठेवला, तो वाचकांसाठी देते. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने आधीचे मेण निघून जाते. गाडीचा शांपू घ्यावा, आणि दोन बादल्या, एक फेसाची, एक फडके खळबळायची. एकाच बादलीतली माती पुन्हा रंगावर फिरली की तेच चरे पडतात, जे आपण लपवायला निघालो आहोत. रोज नळ न येणाऱ्या दिवसांत आम्ही एकाच बादलीत सगळी गाडी पुसत असू. आमच्या गाडीवरचे निम्मे कोळ्याचे जाळे त्या बादलीचे. धुऊन हात फिरवल्यावर रवाळ लागले, तर गाड्यांसाठी मिळणारी खास माती ओल्या पत्र्यावरून हलकी फिरवावी, चिकटलेले कण निघतात. गाडी पूर्ण कोरडी करून मऊ स्पंजवर थोडे ग्लेझ घेऊन, जोर न लावता, एका वेळी एक पत्रा करावा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे. त्यावर वॅक्सचा पातळ हात. जाड थराने चमक वाढत नाही, फक्त पुसायचे कष्ट वाढतात. आणखी एक. हल्लीचे सिरॅमिक कोटिंग लावायचे असेल तर खाली ग्लेझ नको. त्याला कोरडा, तेल नसलेला रंग लागतो. तेलकट पत्र्यावर ते धरत नाही.

पद्मिनीला त्या तरुणाने आधी मागच्या बाजूच्या एका न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहिले. मग सगळ्या गाडीला सढळ हाताने ग्लेझ लावून रात्रभर तसेच मुरू दिले. जुना एकेरी रंग तेल पितो. सकाळी पुसताना फडक्याला थोडा निळा रंग लागलाच, पण तो वरच्या मेलेल्या थराचा. खालून जो निळा निघाला तो मी लग्न होऊन आले तेव्हाचा होता. मामंजी गाडीभोवती काठी टेकत फिरले आणि म्हणाले, "कन्नडी हंग काणतैति." आरशासारखी दिसते आहे. बॉनेटच्या कडेचा प्रायमर आणि डाव्या दारावरचा लांब ओरखडा मात्र तसाच राहिला. नखाला लागतो तो चरा ग्लेझने भरत नाही. तो ओरखडा यजमान गाडी शिकत होते तेव्हाचा. वरात त्या ओरखड्यासकट थाटात निघाली.

खरी कसोटी लग्नानंतर आली. वरातीत गाडी पाहिलेल्या कोल्हापूरच्या एका गृहस्थांना ती हवी होती. जुन्या गाड्या जपण्याचा त्यांना नाद. मामंजींचे डोळे आणि गुडघे थकले होते, गाडी नुसती उभी होती, आणि तिला जपणारा माणूस भेटला तर द्यावी असे त्यांनाच वाटू लागले. ते लोक येणार त्याच्या आदल्या दिवशी यजमानांनी त्या तरुणाला पुन्हा बोलावले, ग्लेझचा आणखी एक हात मारायला. मामंजींनी त्याला थांबवले. म्हणाले, "लावू नको. उलट पावडरीच्या पाण्याने धू, चढवलेले सगळे उतरव."

घरात त्या संध्याकाळी दोन भाषांत वाद झाला. यजमानांचे म्हणणे, आपण खोटे थोडेच बोलतो? गाडी धुऊन पुसून दाखवण्यात कसली फसवणूक? मुलगी दाखवतानाही आपण चांगली साडी नेसवतो. त्यात तथ्य होते. पण मला माझ्या बेळगावच्या भाच्याची आठवण झाली. त्याने एका दलालाकडून जुनी काळी गाडी घेतली होती, संध्याकाळी, दिव्याखाली बघून. आरशासारखी होती. तीन-चार धुण्यांनंतर भर उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल चऱ्यांचे जाळे उमटले, आणि एका दारावर नवा रंग मारल्याचेही दिसले. दलाल म्हणाला, "तुम्ही बघूनच घेतली ना?" ज्या ग्लेझने आमची पद्मिनी जपली, त्याच ग्लेझने भाच्याचे पैसे गेले. मामंजींनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि एवढेच म्हणाले, "होळपु ब्यारे, बण्ण ब्यारे." चमक वेगळी, रंग वेगळा. "लग्नाला आलेले लोक गाडी बघायला आले होते. हा माणूस गाडी घ्यायला येतो आहे."

सकाळी अकराच्या उन्हात पाहुण्यांनी गाडी पाहिली. पांढुरकी, कडेला प्रायमर, दारावर ओरखडा. मामंजींनी काठीने एक एक जागा दाखवली. मनात धरलेल्या किमतीपेक्षा पैसे कमी आले. यजमान दोन दिवस नाराज होते, आणि त्यांची नाराजी मला कळत होती, लग्नाचा खर्च ताजा होता. पण त्या गृहस्थांनी रंग मूळचा आहे हे पाहून गाडी न रंगवण्याचा शब्द दिला. दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणून आरटीओची एनओसी आली, आणि गाडी गेली. जाताना मामंजींनी डिकीत ग्लेझची बाटली आणि माझ्या वहीतले पान ठेवले.

जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांनी म्हणून एवढे करावे. ती भर उन्हात पाहावी, संध्याकाळी किंवा ओली असताना कधीच नाही. मालकाची परवानगी घेऊन एका कोपऱ्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका हलका फिरवावा. तेल उतरते आणि खाली काय आहे ते दिसते. आमच्या पद्मिनीसारखा जुना एकेरी रंग असेल तर मात्र हा प्रयोग नको, नुसते विचारावे. आणि विकणाऱ्याने, ग्लेझ लावलेच असेल, तर तसे सांगावे. सांगितले की ती सजावट, नाही सांगितले की ती लपवाछपवी. बाटली दोन्हीकडे एकच असते.